ताऱ्यांचा रंग फोटोत टिकवताना: सोलापूरच्या आकाशातून फोटो काढणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या ओळखीतले बरेच जण थंडीत कॅमेरा आणि ट्रॅकर (ताऱ्यांच्या गतीबरोबर कॅमेरा फिरवणारे यंत्र) घेऊन शहराबाहेर माळावर जातात. परत आल्यावर फोटो दाखवतात तेव्हा तेजोमेघ सुंदर आलेला असतो, पण तारे सगळे एकसारखे पांढरे असतात, नाहीतर जांभळ्या कडांचे. त्यावरून पुन्हा पुन्हा निघणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणे मुख्यतः सिरिल या फोटो प्रोसेसिंगच्या सॉफ्टवेअरमधली आहेत, कारण ते मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालते. पिक्सइनसाइट वापरणाऱ्यांना त्याच पायऱ्या थोड्या वेगळ्या नावांनी सापडतील.

ताऱ्यांना खरेच रंग असतो का? मला तर सगळे पांढरेच दिसतात.

असतो. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीच्या मध्याला, रात्री नऊ वाजता मृग नक्षत्र चांगले वर आलेले असते. त्यातला काक्षी तांबूस आणि राजन्य निळसर पांढरा, हा फरक गच्चीवरूनही कळतो. मंद ताऱ्यांचा रंग दिसत नाही तो आपल्या डोळ्यांमुळे. अंधारात दंडपेशी काम करतात आणि त्यांना रंग कळत नाही. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींना तेवढा उजेड पुरत नाही. कॅमेऱ्याला ही अडचण नाही.

रंगामागे तापमान असते. काक्षीचा पृष्ठभाग साधारण ३,५०० केल्विन, रोहिणीचा ३,९००, स्वातीचा ४,३००, आपल्या सूर्याचा ५,७७२, अभिजितचा ९,६०० च्या आसपास, राजन्यचा १२,००० च्या आसपास आणि चित्राचा २०,००० च्याही वर. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळे होत जाते, तोच क्रम इथे पुढे निळ्यापर्यंत जातो. ताऱ्याच्या वर्णपटातल्या रेषांचा तापमानाशी नेमका संबंध मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये समीकरणात मांडला. म्हणजे फोटोतल्या ताऱ्याचा रंग हे एक मोजमाप आहे. म्हणूनच ताऱ्यांत रंग ‘भरणे’ हा शब्द मला पटत नाही. रंग कॅमेऱ्यात आलेला असतो. तो कुठल्या पायरीवर गळतो एवढेच शोधायचे असते.

मग माझ्या फोटोत सगळे ठळक तारे पांढरे का?

बहुतेक वेळा रंग फोटो काढतानाच गेलेला असतो, आणि प्रोसेसिंगवाले सॉफ्टवेअर विनाकारण बदनाम होते.

१४ बिटच्या कॅमेऱ्यात एका पिक्सेलची कमाल नोंद १६,३८३. समजा काक्षीचा लाल प्रकाश निळ्याच्या कितीतरी पट आहे. दोन मिनिटांच्या एक्सपोजरमध्ये लाल आधी काठोकाठ भरतो, मग हिरवा, शेवटी निळाही. तिन्ही १६,३८३ वर टेकले की तिन्ही समान झाले, आणि तिन्ही समान म्हणजे पांढरा. काक्षी आणि राजन्य यांच्यातला फरक तिथेच संपला. भरून सांडलेल्या तीन घागरी बघून कुठल्या नळाला जास्त जोर होता हे कोण सांगणार?

उपाय म्हणजे एक्सपोजर कमी करणे. दोन मिनिटांच्या तीस फ्रेमऐवजी तीस सेकंदांच्या एकशे वीस घ्या. एकूण वेळ तोच राहतो. आयएसओही उगाच चढवू नका, कारण तो वाढवला की घागर लहान होते. मृगातल्या मोठ्या तेजोमेघासारख्या विषयासाठी मी दोन संच घेतो: तेजोमेघासाठी लांब एक्सपोजर, आणि गाभ्यातल्या चार ताऱ्यांसाठी पाच-दहा सेकंदांचे. नंतर दोन्ही जोडतो.

तारा मधोमध पांढरा झाला तरी सगळे गेले असे नसते. त्याच्या कडेला, प्रकाश उतरत जातो त्या वलयात, रंग शाबूत असतो. ऑस्ट्रेलियातले डेव्हिड मॅलिन यांनी याचाच उपयोग केला. कॅमेरा स्थिर ठेवून ताऱ्यांच्या रेषा उमटू द्यायच्या आणि मध्ये मध्ये फोकस थोडा थोडा ढळवत जायचे. रेषा रुंद होत जाते, प्रकाश पसरतो आणि रंग उघडा पडतो. ट्रॅकर नसलेल्यांनी गच्चीवरून हा प्रयोग जरूर करावा.

सिरिलमध्ये ‘डीसॅच्युरेट स्टार्स’ आहे, त्याने रंग जाईल ना?

नाही. नाव फसवे आहे. इथे सॅच्युरेशन म्हणजे पिक्सेल भरून वाहणे. सपाट झालेल्या गाभ्याच्या जागी ताऱ्याच्या उताराला जुळेल असा टोकदार गाभा ते बसवते, त्यामुळे रंग परत मिळायला मदतच होते. स्ट्रेच करण्याआधी, म्हणजे अंधारा फोटो ताणून उजळ करण्याआधी, वापरा.

व्हाइट बॅलन्स कसा ठरवायचा? अंदाजाने केले तर चालेल का?

माझे वडील सुताच्या डाय हाऊसमध्ये शेड जुळवायचे. लडी रंगून आली की ते नमुना आणि लडी दोन्ही घेऊन अंगणात उन्हात जायचे. ट्यूबलाइटखाली जुळलेली शेड उन्हात वेगळी निघते, हे सोलापुरातल्या कुठल्याही जुन्या रंगाऱ्याला माहीत असते. त्यांचा डोळा चाळीस वर्षांचा होता, तरी नमुना हातात असल्याशिवाय त्यांनी कधी ‘जुळली’ म्हटले नाही.

फोटोतही तसा नमुना लागतो, आणि आपल्या सुदैवाने तो आकाशातच आहे. फोटोमेट्रिक कलर कॅलिब्रेशन हेच करते. सॉफ्टवेअर आधी तुमच्या फोटोतले तारे ओळखते (याला प्लेट सॉल्व्हिंग म्हणतात), मग त्याच ताऱ्यांचे मोजलेले रंग तारकासूचीतून घेते आणि तुमचे लाल, हिरवे, निळे आकडे त्यांच्याशी जुळतील असे गुणक काढते. एका ताऱ्यावर भिस्त नसते, शेकडो तारे एकदम तोलले जातात. त्याचा पुढचा प्रकार स्पेक्ट्रोफोटोमेट्रिक. त्यात तुमच्या सेन्सरला आणि फिल्टरला कुठला रंग किती दिसतो हेही धरले जाते आणि ताऱ्यांचे पूर्ण वर्णपट वापरले जातात. हे शक्य झाले गाया या युरोपीय उपग्रहामुळे. डिसेंबर २०१३ मध्ये सोडलेल्या गायाची तिसरी मोठी सूची जून २०२२ मध्ये आली. तिच्यात सुमारे १८० कोटी ताऱ्यांची नोंद आहे आणि त्यांपैकी सुमारे २२ कोटींचे कमी विभेदनाचे वर्णपट. घरबसल्या, फुकट, इतका मोठा शेडकार्ड मिळतो. तो सोडून स्लायडर डावीकडे-उजवीकडे करत बसणे मला पटत नाही.

‘पांढरा’ कशाला मानायचे, असाही पर्याय तिथे असतो: सरासरी सर्पिल दीर्घिका, किंवा सूर्यासारखा जी-२ तारा. दोन्ही योग्य आहेत. मी पहिला ठेवतो, कारण त्यात निळे आणि नारिंगी तारे दोन्ही बाजूंना मोकळे पसरतात. एक निवडा आणि सगळ्या फोटोंना तोच ठेवा, म्हणजे आपलेच फोटो एकमेकांशेजारी ठेवून बघता येतात.

कुठली पायरी आधी, कुठली नंतर?

सगळ्या फ्रेम एकत्र करून एक फोटो झाला, म्हणजे स्टॅक झाला, की कडा कापा, मग पार्श्वभूमीचा ग्रेडियंट (एका बाजूला चढत जाणारा उजेड) काढा, मग प्लेट सॉल्व्ह आणि रंगाचे कॅलिब्रेशन, आणि त्यानंतरच स्ट्रेच. ग्रेडियंट आधी काढायचा कारण शहराचा उजेड एका कोपऱ्यात पिवळा किंवा निळसर साचलेला असतो. तो तसाच ठेवून रंग जुळवला तर पार्श्वभूमीचा एक कोपरा जुळतो आणि समोरचा बिघडतो. सिरिलमध्ये हे होतेच, ग्रॅक्सपर्टही मोफत आहे.

कॅलिब्रेशन स्ट्रेचआधी करणे का महत्त्वाचे? ताऱ्याच्या प्रकाशाचे आकडे त्या वेळी सरळ प्रमाणात असतात, दुप्पट प्रकाश म्हणजे दुप्पट आकडा. स्ट्रेच केला की हे प्रमाण मोडते, आणि मग सूचीतल्या रंगाशी तुलना करण्यात अर्थ उरत नाही.

इथे एक चूक फार जणांकडून होते. सिरिलमध्ये ऑटोस्ट्रेचचे दृश्य बघताना तिन्ही रंग वेगवेगळे ताणले जात असतील तर चुकीचा फोटोही ठाकठीक दिसतो आणि कॅलिब्रेशननंतर काही बदललेच नाही असे वाटते. साखळीचे चिन्ह दाबून तिन्ही रंग जोडा. मग खरे काय ते दिसेल.

स्टॅक उघडला तर सगळे हिरवे! कॅमेरा बिघडला का?

बिघडला नाही. सेन्सरवर चार पिक्सेलच्या चौकटीत दोन हिरवे, एक लाल, एक निळा असतो (या मांडणीला बेयर पॅटर्न म्हणतात), आणि हिरव्या प्रकाशाला सेन्सर जास्त जागा असतो, म्हणून सगळे हिरवे दिसते. रंग जुळवला की हिरवेपणा जातो.

मग उरलेले हिरवे तारे खरे असतात का?

साध्या डोळ्यांना हिरवा दिसेल असा तारा नसतो. सूर्यासारख्या ताऱ्याचा प्रकाश हिरव्याच्या आसपास सर्वाधिक असतो हे खरे, पण सोबत लाल आणि निळाही भरपूर असल्याने डोळ्याला मिश्रण पांढरेच दिसते. फोटोत हिरवा तारा दिसला तर तो गोंगाट आहे, किंवा लेन्सच्या मानाने पिक्सेल मोठे आहेत. वाइड लेन्समध्ये तारा एकाच पिक्सेलवर बसला आणि तो पिक्सेल हिरवा निघाला, तर तारा हिरवा. फ्रेममध्ये डिदरिंग ठेवले, म्हणजे मध्ये मध्ये कॅमेरा किंचित सरकवला, की हे पुष्कळ कमी होते.

‘रिमूव्ह ग्रीन नॉइज’ वापरा, पण जपून. मृगातल्या तेजोमेघाच्या गाभ्यातली हिरवट-निळी छटा खरी आहे. ती दुहेरी आयनीभूत ऑक्सिजनची, ५००.७ नॅनोमीटरवरची रेषा आहे. धूमकेतूच्या डोक्याचा हिरवा रंगही खराच असतो, तो कार्बनच्या दोन अणूंच्या रेणूंमुळे येतो. धूमकेतूच्या फोटोवर हे बटण दाबून त्याचे डोके राखाडी केलेले मी पाहिले आहे, आणि वाईट वाटले.

तारे गुलाबी-जांभळे, म्हणजे मॅजेन्टा झाले आहेत. काय करू?

आधी कारण बघा. हिरवा जास्त काढला गेला तर उरतो लाल आणि निळा, म्हणजेच मॅजेन्टा. तेव्हा मागे जाऊन हिरवा कमी काढा. नॅरोबँडमध्ये, म्हणजे ठरावीक वायूंचा प्रकाश तेवढा घेणाऱ्या फिल्टरमधून, हबल पॅलेट करताना (त्यात हायड्रोजनला हिरवा रंग देतात) हायड्रोजनचा हिरवा दाबला जातो, तिथेही हेच होते.

मागे जाणे शक्य नसेल तर एक जुनी युक्ती आहे. फोटो निगेटिव्ह करा. मॅजेन्टा आता हिरवा झाला. ‘रिमूव्ह ग्रीन नॉइज’ चालवा आणि पुन्हा निगेटिव्ह करा. सिरिलमध्ये निगेटिव्हची सोय आहे, जिम्पमध्येही आहे. मात्र हे फक्त ताऱ्यांच्या थरावर करा (थर कसे वेगळे करायचे ते पुढे आहे). अख्ख्या फोटोवर केले तर तेजोमेघातली खरी गुलाबी छटाही जाते.

ताऱ्यांभोवती जांभळे-निळे वलय येते, ते?

ते वेगळे दुखणे आहे, आणि ते दुर्बिणीत आहे. दोन भिंगांच्या साध्या अपवर्ती दुर्बिणीत सगळे रंग एकाच ठिकाणी फोकस होत नाहीत. निळा-जांभळा बाहेर राहतो आणि वलय होऊन पसरतो. ईडी (रंग कमी विखुरणाऱ्या) काचेच्या दुर्बिणीत ते कमी असते, आरशाच्या परावर्ती दुर्बिणीत आरशामुळे येतच नाही. अतिनील आणि अवरक्त अडवणारा फिल्टर लावून बघा, विशेषतः कॅमेरा मॉडिफाइड, म्हणजे आतला मूळ फिल्टर काढलेला, असेल तर. फोटो लेन्स असेल तर ॲपर्चर एक-दोन स्टॉप बंद करा. हा उपाय फुकटचा आहे आणि बहुतेकांना माहीत असूनही ते करत नाहीत.

प्रोसेसिंगमध्ये ताऱ्यांचा थर वेगळा काढून त्यातल्या फक्त जांभळ्या रंगाचे सॅच्युरेशन उतरवता येते. पण चित्रा किंवा कृत्तिकांची निळाई खरी आहे. वलयाबरोबर तीही धुतली जात नाही ना, हे बघत चला.

कॅलिब्रेशननंतर रंग होते, स्ट्रेच केल्यावर फिके पडले. असे का?

आकडा घेऊन बघू. ताऱ्यात लाल ०.४ आणि निळा ०.१, म्हणजे लाल चौपट. साधा स्ट्रेच वर्गमुळासारखा वागतो असे धरा. लाल झाला ०.६३, निळा ०.३२. चौपट होते ते दुपटीवर आले. आणखी ताणाल तर आणखी जवळ येतील आणि शेवटी पांढरे होतील. हिस्टोग्रामचा स्ट्रेच प्रत्येक रंगाला स्वतंत्रपणे लागतो, म्हणून हे घडते.

आर्कसिन्ह नावाचा स्ट्रेच तिन्ही रंगांना एकाच गुणकाने वाढवतो, त्यामुळे गुणोत्तर टिकते. सिरिलमध्ये तो ‘असिन्ह’ नावाने आहे. माझी पद्धत अशी: ताऱ्यांच्या थरावर फक्त असिन्ह, तोही हलका, आणि तेजोमेघाच्या थरावर हवा तेवढा हिस्टोग्राम किंवा जनरलाइज्ड हायपरबोलिक स्ट्रेच. थर वेगळे करायला स्टारनेट हे सॉफ्टवेअर चालते. जोडताना स्क्रीन मोड वापरा, नुसती बेरीज केली तर ठळक तारे पुन्हा भरून वाहतात आणि केलेले सगळे पाण्यात जाते.

सॅच्युरेशन किती वाढवावे?

असिन्हनंतर थोडेसे पुरते. पार्श्वभूमीतले रंगीत ठिपके दिसू लागले की एक पाऊल मागे या. तारे गोळ्या-बिस्किटांच्या बरणीसारखे दिसू लागले तर दोन पावले.

अगस्तीच्या एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला निळी कड येते. दुर्बीण वाकडी आहे का?

दुर्बीण ठीक आहे, वातावरण प्रिझमचे काम करते आहे. सोलापूरचा अक्षांश साधारण १७.७ अंश उत्तर. अगस्ती इथून सर्वांत वर येतो तेव्हाही क्षितिजापासून जेमतेम २० अंशांवर असतो. त्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या मानाने जवळजवळ तिप्पट हवेतून येतो. निळा किरण जास्त वळतो म्हणून निळी प्रतिमा थोडी वर, लाल थोडी खाली. एवढ्या उंचीवर हा फरक साधारण ४ विकलांचा असतो (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). उपाय सोपा आहे: तीन रंगांचे थर वेगळे करून एकमेकांवर पुन्हा जुळवा आणि परत एकत्र करा.

त्याच हवेमुळे अगस्ती पिवळटही दिसतो, प्रत्यक्षात तो पांढरा आहे. कॅलिब्रेशन हा पिवळेपणा काढते. पण चौकट मोठी असेल तर खालच्या भागातले तारे वरच्यांपेक्षा अधिक तांबूस राहतात, कारण अख्ख्या फोटोला एकच गुणक लागतो. क्षितिजाजवळचे विषय अरुंद चौकटीत घ्या.

सोलापुरात कुठल्या बाजूला जावे?

विषय कुठल्या दिशेला आहे त्यावर ठरवा. नान्नजच्या बाजूला, बार्शी रस्त्यावर गेलात तर शहर दक्षिणेला येते, म्हणजे अगस्ती आणि ज्येष्ठा नेमके शहराच्या उजेडावर. दक्षिणेच्या ताऱ्यांसाठी मंद्रूपच्या बाजूला जा, शहर पाठीमागे उत्तरेला राहते. उत्तरेच्या विषयांना, उदाहरणार्थ देवयानी दीर्घिकेला, नान्नजची बाजू बरी. मात्र माळढोक अभयारण्याच्या हद्दीत रात्री शिरू नका, टॉर्च घेऊन तर मुळीच नको. तो पक्षी आधीच संपत आला आहे.

सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला असायचा, त्यामुळे फिल्टरने तो अडवता येई. पांढऱ्या एलईडीचा उजेड निळ्यापासून लालपर्यंत पसरलेला असतो. त्यावर फिल्टरचा फारसा इलाज नाही, गाडी काढून लांब जाणे हाच इलाज.

ड्युअल बँड फिल्टर लावून गच्चीवरून फोटो काढतो. तारे विचित्र दिसतात.

दिसणारच. फिल्टरने ताऱ्याच्या प्रकाशाचे दोन बारीक तुकडे तेवढे आत सोडले, बाकी सगळा अडवला. त्या दोन तुकड्यांवरून ताऱ्याचा रंग नीट ठरत नाही. त्याच रात्री शेवटी फिल्टर काढून वीस-तीस मिनिटे छोट्या एक्सपोजरचे फोटो घ्या. त्यातले तारे आणि फिल्टरमधला तेजोमेघ जोडा. ताऱ्यांना फार वेळ लागत नाही, ते ठळकच असतात.

मे महिन्यात माझ्या फोटोत लाल, निळे, हिरवे तारे फार येतात.

ते तारे नाहीत, तापलेल्या सेन्सरचे हॉट पिक्सेल आहेत. आपल्याकडे दुपारी पारा चाळिशी ओलांडतो आणि रात्रीही हवा गरमच असते. मोठे करून बघा: तारा कडेला विरत जातो, हॉट पिक्सेल चौकोनी, एकटा आणि धारदार असतो. त्याच तापमानाला, त्याच एक्सपोजरचे डार्क फ्रेम घ्या. घरी येऊन पंख्याखाली घेतलेले डार्क जुळत नाहीत, माळावरच झाकण लावून घ्या.

काक्षी निळा आणि राजन्य नारिंगी आला आहे!

सॉफ्टवेअरने बेयर पॅटर्नचा क्रम चुकीचा धरला आहे, लाल-निळा अदलाबदल झाली. डीबेयरच्या (त्या चौकटीतून रंग काढण्याच्या) सेटिंगमध्ये क्रम बदलून पुन्हा स्टॅक करा.

जेपीजी फोटोवर हे सगळे करता येईल का?

थोडेफार. जेपीजीत प्रत्येक रंगाला २५६ च पायऱ्या असतात आणि कॅमेऱ्याने आधीच स्ट्रेच केलेला असतो. पुढच्या वेळी रॉ, म्हणजे सेन्सरचे कच्चे आकडे असलेली फाइल, घ्या. रॉ घेत असाल तर कॅमेऱ्यातली व्हाइट बॅलन्स कुठलीही असू द्या.

रंग बरोबर आला हे कशावरून ओळखायचे? सरावाला कुठला भाग घ्यावा?

रोहिणी आणि कृत्तिका. दोघींत साधारण १४ अंशांचे अंतर आहे, साध्या डीएसएलआरवर ५० मिलिमीटरची लेन्स लावली की एकाच चौकटीत बसतात. सोलापूरकरांसाठी हा भाग खास आहे. रोहिणी खगोलीय विषुववृत्ताच्या १६.५ अंश उत्तरेला, आपला अक्षांश १७.७, त्यामुळे ती इथे जवळजवळ थेट डोक्यावरून जाते, डिसेंबरच्या मध्याला रात्री साडेअकराच्या सुमारास. मधे हवा कमीत कमी, धूळ कमीत कमी.

कृत्तिका निळसर आल्या पाहिजेत, सगळ्या. रोहिणी स्पष्ट नारिंगी. तिच्याभोवती इंग्रजी व्ही अक्षरासारखा जो ताऱ्यांचा पुंजका आहे, त्यातले चार ठळक तारे पिवळट, रोहिणीपेक्षा फिके. रोहिणी त्या पुंजक्यातली नव्हेच. ती साधारण ६५ प्रकाशवर्षांवर आहे आणि पुंजका तिच्या मागे, सुमारे १५० वर. इथवर जमले तर आता त्या पुंजक्यातली थीटा नावाची जोडी शोधा. दोन तारे अगदी शेजारी आहेत, नीट नजर असेल तर नुसत्या डोळ्यांनीही वेगळे दिसतात. त्यातला एक पिवळट आहे आणि दुसरा, किंचित जास्त ठळक, पांढरा. फोटो शंभर टक्के मोठा करून ही जोडी बघा. दोघांचे रंग वेगळे दिसले तर तुमचे एक्सपोजर, कॅलिब्रेशन आणि स्ट्रेच तिन्ही जागेवर आहेत. दोघेही पांढरे आले असतील तर पहिल्यांदा एक मूळ फ्रेम उघडून त्या ताऱ्यांचे आकडे १६,३८३ ला टेकले आहेत का ते तपासा.